एक्कावन्न टक्क्यांचा धनी

“एका सहीला एवढा विचार कसला, बाबा?”

विश्वंभर शेटेने हे तिसऱ्यांदा विचारलं.

केवळनाथ मठाच्या ओट्यावर बसले होते. ते हिरडे फोडत राहिले.

विश्वंभर त्यांचा सगळ्यात जुना शिष्य. बाबांच्या काढ्याचा त्याने कारखाना उभा केला. कंपनी नोंदवताना भक्तीच्या भरात एक्कावन्न टक्के शेअर बाबांच्या नावावर केले आणि तालुकाभर ते सांगत फिरला. पुढे भक्ती बाटलीवरच्या फोटोपुरती उरली. वर्षातून एकदा तो कंपनीचे कागद घेऊन यायचा, बाबा न वाचता सही करायचे.

यंदा घोडं अडलं ते आयकराच्या विवरणपत्रावर. त्यात एक रकाना असतो : कंपनीत मोठा मताधिकार कोणाचा, किती टक्के. विश्वंभर तिथे दरवर्षी एकट्या स्वतःचं नाव घालायचा. नव्या सीए देवस्थळीबाईंनी भागधारकांची नोंदवही उघडून पाहिली आणि विवरणपत्र परत केलं. “नोंदवहीत ज्यांचं नाव आहे, तेच इथे येईल. नाहीतर दुसरा सीए बघा.”

म्हणून परत आलेल्या मसुद्यासोबत हा नवा कागद त्याने करून आणला होता. बाबांचे शेअर विश्वंभरच्या नावे, आणि तारीख तीन वर्षं मागची, म्हणजे मागची विवरणपत्रंही खरी दिसावीत.

“संन्याशाचं नाव आयकराच्या कागदात शोभत नाही, बाबा. तुमच्यासाठीच करतोय.”

“माझ्यासाठी...”

“तुम्ही घर सोडलंत, जमीन सोडलीत. हेही सोडा.”

बाबांनी दगड खाली ठेवला.

“सकाळी तुझ्या कारखान्यातल्या बाया आल्या होत्या. बाटल्या भरणाऱ्या. बेचाळीस जणी.”

विश्वंभरने कागद बाबांच्या पुढ्यात ठेवला.

“रखमा मोरे पुढे होती. म्हणाली, बाबा, आम्हाला कामावरून काढायचं तुम्ही ठरवलंत म्हणे?”

“तसं नाही... मशीन येतंय. आज भागधारकांच्या सभेत ठराव आहे. बायांना समजवायला म्हटलं, बाबांची इच्छा आहे.”

“आणि याआधी? कारखान्यातला दवाखाना बंद केलास, तेव्हा?”

“तेव्हाही तेच म्हटलं.” विश्वंभरची कानशिलं तापली. मग तो एकदम उसळला. “मग काय चुकलं? कारखाना मी उभारला! हाडाची काडं मी केली! तुम्ही इथे बसून हिरडे फोडलेत. मत तुमचं, पण ते कधी वापरलंत तुम्ही?”

“नाही वापरलं.”

“मग सोडा ना!”

“जे माझं कधी होऊच दिलं नाहीस, ते सोडू कसं?”

बाबांनी हात पुढे केला. विश्वंभरने सुटकेचा निःश्वास टाकला आणि घाईघाईने पेन दिलं.

बाबांनी मागच्या तारखेचा कागद उचलला, त्याची घडी घातली आणि त्यावर फोडलेले हिरडे ओतले. मग विवरणपत्राचा मसुदा मांडीवर ओढला. रकान्यातलं विश्वंभरचं नाव एका रेघेत खोडलं. वर सावकाश, ठसठशीत अक्षरांत लिहिलं : केवळनाथ. एक्कावन्न टक्के.

“बाबा, हे विवरण गेलं की मागची सगळी वर्षं उकरतील. मी तोंड कुठे दाखवू?”

“दाखव. मीही दाखवणार आहे. इतकी वर्षं न वाचता सह्या केल्यात.”

“लोक म्हणतील, संन्यासी मालक झाला.”

“म्हणू देत.”

“मठाची अब्रू जाईल!”

“जाऊ दे.”

एवढ्या वर्षांत बाबांना विश्वंभरने असं ताठ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्याने मसुदा उचलला. तसाच, खाडाखोडीसकट.

बाबा उठले. खांद्यावर घोंगडी टाकली, पायांत खडावा सरकवल्या आणि ओट्याच्या पायऱ्या उतरू लागले.

“बाबा, कुठे निघालात?”

“सभा किती वाजता आहे?”