विमलची भांडी

“मी घरात मेलो, तर गावाला कळणार कसं, बुवा?”

डोमाजीबुवांनी मान वर केली नाही. मठाच्या ओट्यावर बसून ते अंबाडीची भाजी निवडत होते. पानं टोपलीत, दांडे खाली.

“वासानं कळते,” बुवा म्हणाले.

शेषराव काळमेघ ओट्याच्या पायरीवर टेकले. दुसऱ्या कुणी धीराचे दोन शब्द बोलले असते. पण डोमाजीबुवांचा मठ गावाबाहेर आणि जीभ त्याच्याही बाहेर, असं गाव म्हणायचंच.

“थट्टा नाही, बुवा. गेल्या आठवड्यात तापानं फणफणलो होतो. पाणी द्यायला कुणी नव्हतं. भिंतीपलीकडं अनसाबाई भाकरी थापत होत्या, त्याचा आवाज येत होता. तो ऐकत पडून राहिलो. कुणी डोकावलंसुद्धा नाही.”

“हाक मारली?”

“कुणाला?”

“अनसाबाईले.”

“मी?” शेषरावांना प्रश्नच कळेना. “मी कशी मारणार? उगाच कुणाला त्रास...”

बुवांनी एक किडकं पान बाजूला टाकलं.

शेषराव पाटबंधारे खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले. पाणी कुठं अडवायचं, हे त्यांना बरोब्बर ठाऊक. बायकोच्या हट्टापायी तिच्या माहेरच्या गावात त्यांनी घर बांधलं. गावाची लेक परत आली म्हणून गावानं त्यांना ‘जवाईबापू’ म्हणत डोक्यावर घेतलं. मूलबाळ नव्हतं, पण विमलला त्याची उणीव कधी भासली नाही. तिच्या स्वयंपाकघरात सदा कुणीतरी बसलेलं असायचं.

मागच्या वर्षी विमल गेली.

तेव्हापासून घर खायला उठत होतं. दिवस कसाबसा ढकलता यायचा, पण दिवेलागण झाली की शेषरावांच्या पोटात खड्डा पडायचा. एकाच माणसासाठी दिवा लावायचा तरी कशाला, असं वाटायचं. कधी कधी ते लावायचेही नाहीत.

म्हणून ते आज मठात आले होते. येताना विमलच्या स्टीलच्या डब्यात केळी आणली होती. रिकाम्या हातानं कुणाकडं जायचं नाही, हा त्यांचा बाणा.

“मठामागची खोली रिकामी आहे. ती मला द्या. कुणाला जड होणार नाही, माझं मी करीन. गावाशी माझा काही संबंध उरलेला नाही.”

“पहिले व्हता?”

“विमल होती तोवर दार लागत नव्हतं. आता कुत्रंही फिरकत नाही. माणसं मतलबी असतात, बुवा.”

“अन् तुमी काय केलं?”

“मी काय वाईट केलं? उलट...” शेषराव ताठ बसले. इतका वेळ पडलेला त्यांचा आवाज पुन्हा साहेबाचा झाला. “विमलचं तेरावं झालं आणि मी तिची मांडणी नीट पाहिली. अर्धी भांडी लोकांची! कुणाची वाटी, कुणाचं ताट, कुणाचं पातेलं. प्रत्येकावर नाव कोरलेलं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि आमची भांडी गावभर पडलेली. कुणाकडं काय, याचा पत्ता नाही.”

“मंग?”

“एका दिवसात मार्गी लावलं सगळं. चिंचेनं घासून भांडी लखलखीत केली. दारोदार जाऊन ज्याची त्याला दिली. रिकामं भांडं देऊ नये म्हणतात, म्हणून प्रत्येकात तालुक्याच्या दुकानातले पेढे घातले, चांगले अर्धा अर्धा किलो. विमलच्या वतीनं माफी मागितली. आणि आमची होती नव्हती ती सगळी परत घेऊन आलो.”

बुवांचा हात थांबला.

“सारी?”

“सगळी. कुणाचा चमचा ठेवला नाही.”

ओट्यावरचं ऊन पायरीवर उतरलं. मठाची शेळी आली आणि खाली पडलेले दांडे खाऊ लागली. बुवांनी तिला हाकललं नाही.

शेषरावांना ती शांतता बरी वाटेना. शाबासकीची अपेक्षा नव्हती, पण मान तरी हलवायला काय हरकत होती?

“कोनं शिकवलं असं?” बुवांनी विचारलं.

“काय?”

“कोनाचं काई ठेवाचं नाई असं.”

शेषरावांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“वडील लवकर गेले,” ते म्हणाले. “आई काकूकडून ताक आणायची. रोज. आमच्याकडं जनावर नव्हतं. पुढं मी शिकलो, नोकरीला लागलो. चुलतबहिणीच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. काकू वाढत होती. सगळ्यांदेखत म्हणाली, आमच्या ताकावर वाढलं हे पोर...”

खाली पडलेला एक दांडा त्यांनी शेळीपुढं सरकवला.

“आई समोरच बसली होती. तिनं मान खाली घातली. माझ्या तोंडात घास होता, तो गिळता येईना आणि टाकताही येईना. तेव्हाच ठरवलं. या जन्मी कुणाचं काही घेणार नाही. घेतलंच तर सूर्य मावळायच्या आत परत.”

बुवांनी पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग त्यांनी डबा ओढला, केळी परातीत काढली, डबा पालथा करून मागचं नाव बोटानं चाचपलं. टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं. सौ. विमल शेषराव काळमेघ.

“खोलीचं मंग पाहू. दोन दिवसानं येजा.”

“बरं.” शेषराव उठले. हात पुढं केला. “डबा...”

“राहू द्या.”

“नाही, म्हणजे... तो विमलचा आहे.”

“वाचता येते मले.”

शेषराव रिकाम्या हातानं घरी आले.

दोन रात्री त्यांना धड झोप नाही. खोली मिळते की नाही, याचा घोर होताच, पण त्याहून डबा छळत होता. मांडणीवर विमलची भांडी ओळीनं चकचकत होती आणि त्यांच्यामध्ये डब्याएवढी जागा मोकळी होती. दात पडल्यावर जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जाते, तसं त्यांचं झालं.

सांगितल्या दिवशी ते सकाळीच मठात हजर.

“बुवा, डबा?”

“अनसाबाईकडे हाये. आलती ती मठात. अंबाडीची भाजी देली तिले त्याच्यात.”

शेषरावांचा पारा चढला. “दुसऱ्याची वस्तू? न विचारता? बुवा, हे तुम्हाला शोभत नाही!”

“नाई शोभत,” बुवांनी कबूल केलं. “आना मंग जाऊन. तुमच्या भिंतीले तं भिंत हाये तिची.”

भिंतीला भिंत खरी. पण पेढ्यांची वाटी परत केली त्या दिवसानंतर शेषराव त्या दारात उभे राहिले नव्हते. जायचं तर निमित्त हवं, आणि निमित्तं तर सगळी त्यांनी स्वतःच घासूनपुसून परत करून टाकली होती.

अनसाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. विमलच्या बरोबरीच्या, एकाच विहिरीवर पाणी भरत मोठ्या झालेल्या. जवाईबापू दारात बघून त्यांनी डोक्यावर पदर ओढला आणि त्या गडबडून उभ्या राहिल्या.

“डबा न्यायला आलो.”

“अगं बाई! आज?... आज कसा देऊ जी? रिकामा हाये. उद्या तिळाची चटनी कुटीन, मंग धाडते.”

“चटणी नको. डबा द्या.”

अनसाबाईंचा चेहरा उतरला. त्या आत गेल्या. डबा आणला. पण हातात डबा एकटा नव्हता. त्यावर एक पितळी फुलपात्र होतं, काठाला चेपलेलं.

“हे बी न्या,” त्या म्हणाल्या. “म्या चोरलं व्हतं.”

“म्हणजे?”

“तुमी भांडे मांगाले आलते तवा सारे देले. हे नाई देलं. चुलीमागं लपवलं.” त्यांनी पदरानं फुलपात्राचा काठ पुसला. “हे बी देलं असतं, तं माह्या घरी तिचं येनं-जानं काय राह्यलं असतं जी?”

शेषरावांनी फुलपात्र हातात घेतलं. विमलच्या रुखवतातलं. नाव घासून पुसट झालं होतं, ‘वि’ तेवढा वाचता येत होता. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती याच फुलपात्रानं त्यांना दुपारचं पाणी द्यायची. ते कधी दिसेनासं झालं, हे त्यांना कळलंही नव्हतं.

आणि मग त्यांना रडू आलं. तेराव्यालाही जे डोळे कोरडे राहिले होते, ते परक्याच्या अंगणात, मिरच्यांच्या वाळवणापुढं भरून आले. विमल गेली, ती त्यांची एकट्याची गेली असं ते वर्षभर धरून बसले होते. तिच्यासाठी कुणी चोरीही केली असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

अनसाबाई खाली बसून मिरच्या पसरू लागल्या.

बऱ्याच वेळानं शेषरावांनी फुलपात्र परत डब्यावर ठेवलं आणि दोन्ही अनसाबाईंच्या पुढ्यात सरकवलं.

“असू द्या तुमच्याकडंच.”

“डबा बी?”

“डबाही.”

आता निघायला हवं होतं. पण पाय निघेना. काहीतरी बोलायचं होतं. शेषराव मिरच्यांच्या भावाबद्दल बोलले. उन्हाबद्दल बोलले. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, शेषरावांकडं तर लपवायलाही भांडं नव्हतं.

“अनसाबाई,” ते शेवटी म्हणाले, “थोडं... थोडं विरजण मिळेल का?”

एवढं बोलताना त्यांच्या कानात काकूचा आवाज वाजत होता. भर मांडवातला. आता ही बाई हसेल, चार घरी सांगेल, साहेब विरजण मागत आले म्हणून.

“एवढंच व्हय!” म्हणत अनसाबाई उठल्या. आतून त्यांचा आवाज येत राहिला. “दूध कोमट करजा जी. कढत दुधात नका टाकू, नाई तं पानी पानी होते. विमलबी पहिले तसंच करे...”

त्या बाहेर आल्या. हातात वाटी. मागं नाव कोरलेलं. सौ. अनसूया.

घरी दूध तरी आहे का, हे शेषरावांना आठवत नव्हतं. त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरून नेली, सांडण्याएवढं त्यात काही नसताना.

दिवेलागणीला त्यांनी दिवा लावला. दूध आणून तापवलं, बोट बुडवून पाहिलं, विरजण लावलं. वाटी घासली. आणि सवयीनं पायांत चपला सरकवल्या. सूर्य मावळून गेला होता. वाटी अजून घरात होती.

ते उंबऱ्यात उभे राहिले. एक पाय आत, एक बाहेर. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय हे, एका वाटीपायी!

शेषरावांनी चपला काढल्या. वाटी मांडणीवर, डब्याच्या मोकळ्या जागेत ठेवली.

सकाळी ते उठून बसले होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

“लागलं काय जी दही?”

शेषराव इकडं तिकडं बघू लागले. ही हाक आपल्यालाच आहे, हे समजायला त्यांना थोडा वेळ लागला.

“जवाईबापू! लागलं काय?”

“लागलं!” ते ओरडले. आवाज चिरकला. वर्षभरात घरात एवढ्या मोठ्यानं कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी ते पुन्हा मठात गेले. हात रिकामे होते, आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. बुवा ओट्यावर शेळीची धार काढत होते.

“डबा भेटला?”

“अनसाबाईकडंच आहे. राहू दिला.”

“हं...”

धारेचा आवाज येत राहिला. शेषराव पायरीवर बसले. गावातले दिवे एकेक करून लागत होते. त्यांच्या घराच्या जागी अंधार होता. तो बघून पोटात पुन्हा खड्डा पडला. एका वाटीनं तो भरण्यातला नव्हता.

“बुवा, घर अजून खायला उठतं.”

“उठनच.”

“मग खोली?... तुम्ही पाहू म्हणाला होता.”

बुवांनी भांडं बाजूला ठेवलं. हात धोतराला पुसले.

“तुमच्या घरी कोनाचं भांडं हाये काय सध्या?”

“आहे. एक वाटी. अनसाबाईंची.”

“वापस नाई केली?”

“नाही... अजून नाही.”

बुवांनी दुधाचं भांडं त्यांच्या हातात दिलं आणि मानेनंच गावाकडची वाट दाखवली.

“मंग कशी देऊ खोली, जवाईबापू? लोकाची वाटी घेऊन पळालेला मानूस मठात ठेवला, तं गाव मले काय म्हनन?”