शब्द परत घ्यायला गेलेली मुलगी

फार जुन्या काळी एक मुलगी नदीकाठच्या धावशाळेत बोलणी खायला गेली, आणि तिच्या पुढ्यात आली गरम भाकरी.

"आधी जेव," शाळेच्या वृद्ध माई म्हणाल्या. "शब्द मोडायला आलीस, हे तोंडावर दिसतंय. उपाशीपोटी कशाला मोडतेस?"

त्या राज्यात गडागडांवर निरोप पोचवणारे जासूद अशा शाळांत तयार होत. माई दरवर्षी पाचच मुली घेत. पाचवीने तोंडी हो म्हटलं, की मैदानावरचं निशाण उतरे आणि बाकीच्या मुली समजून परत फिरत. यंदाची पाचवी हीच.

"तुम्ही स्वतः आमच्या दारी आलात, माई. मला नाही म्हणवेना," मुलगी म्हणाली. "पण वाळूत माझा पाय रुततो. चढावर जीव हलका होतो. डोंगरातल्या शाळेने बोलावलं, तेव्हा हे मनाशी कबूल केलं. बाबा म्हणाले, कुणाच्या तरी हाती निरोप धाड. ते मला बरं वाटलं नाही."

माईंनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"राग आलाय, खोटं कशाला बोलू? तुझ्यासाठी एका धनगराच्या मुलीला मी परत पाठवलं. पण तू वेळेत आलीस, म्हणून अजून आशा आहे. परवा तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन लांब जातील. निशाण मी पुन्हा चढवते. लोक हसतील, हसू देत. तिला मात्र ते एवढ्या लांबून दिसायचं नाही." मग त्यांनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "तू तुझ्या डोंगरात जा, पोरी. चांगली धाव."

ज्यांचं आपण नुकसान केलं, त्यांनीच आपल्याला मोकळं केलं, हे मुलीला पेलवेना. तिचे डोळे भरून आले.

डोंगरातली शाळा दुसऱ्याच दिवशी सुरू होणार होती. उशिरा येणाऱ्याला तिथे वर्षभर सर्वांच्या मागे धावावं लागे.

रात्र शाळेतच काढून सकाळी ती माईंच्या पाया पडली. डोंगराची वाट उजवीकडे होती; धनगरवाडा डावीकडे, दिवसभराच्या अंतरावर.

"तुमचा निरोप मी नेते, माई," ती म्हणाली, आणि वर्षभर मागे धावायचं ठरवूनच डावीकडे निघाली. त्या वर्षी नदीकाठी पाचही मुली धावल्या.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, दिलेला शब्द बदलावा लागलाच, तर तो वेळेत आणि समोर जाऊन बदला, आणि त्याने रिकामी पडलेली जागा भरायला स्वतः धावा.