शेवरी सभेत हरते

जंगलात माणसाचं पाऊल पडलं नव्हतं, त्या काळची गोष्ट. वनराजाच्या सभेत आपलं गाऱ्हाणं मांडायला ओढ्याकाठच्या जनावरांनी शेवरी नावाच्या भेकरीला निवडून दिलं. मोबदला म्हणून तिला बांबूचे कोवळे कोंब मिळत.

त्या उन्हाळ्यात रानडुकरांनी ओढ्याला काटेरी कुंपण घातलं. शेवरी सभेत घसा फोडून बोलली, पण निकाल डुकरांच्या बाजूने लागला.

ती मान खाली घालून परतली. "यासाठी तुला कोंब द्यायचे होय?" ससा खेकसला.

शेवरीने कोंबांची जुडी सगळ्यांपुढे ठेवली. "घ्या परत."

म्हातारी कासवीण हळूहळू पुढे सरकली. "माझ्याबद्दल काही बोललीस का गं तिथे?"

"बोलले ना. म्हटलं, पलीकडच्या डोहापर्यंत चालायचं बळ आमच्या कासविणीच्या पायांत नाही. ती तीन दिवस तहानलेली आहे."

कासविणीचे डोळे भरून आले. "राजापुढे माझा विषय आजवर कुणी काढला नव्हता. खा बाई ते कोंब. उद्या पुन्हा जायचंय तुला."

शेवरी पुन्हा गेली. आणखी दोनदा हरली. चौथ्या सभेत राजाने कुंपण काढायला लावलं. तोवर डोहाचं पाणी पानाच्या द्रोणातून कासविणीला आणून देत होता, तो ससाच.