डोंगलची चकती

"दादाच्या हातात चालायचा, मग माझ्याच हातात का मरतो हा?"

मी दादाचा नेटचा डोंगल मठातल्या चटईवर टाकला. अचलबाबांनी तो उचलला, उपरण्याच्या टोकाने पुसला.

"कुणाचा रे तू?"

"अंबादासचा धाकटा. कैलास."

बाबांचा हात थांबला.

दादा ह्याच मठात बसून जुन्या पोथ्या कॉम्प्युटरवर उतरवायचा. गेल्या महिन्यात दवाखान्यात गेला, तो परत आला नाही. बाबांना ते माहीत होतं.

"बस."

"बसायला नाही आलो. ह्याच्यावर नेट लावून द्या."

मी दादाचा लॅपटॉप उघडला. दवाखान्यातून दादाचा फोन आला होता, पण सारखा तुटत होता. एवढंच कळलं, "आवाज भरून मेलवर टाकतो, माझ्या लॅपटॉपवर ऐक." मग ऑपरेशन. त्याचा मोबाईल त्या गडबडीत हरवला. मेलचा पासवर्ड मला ठाऊक नाही. ती उघडी आहे फक्त ह्या लॅपटॉपवर.

"दुकानात दाखवलास?"

"दाखवला. दुकानदार म्हणतो, ह्यात विंडोज नाही, लिनक्स आहे, डोंगल त्याला जुमानत नाही. सगळं पुसून विंडोज टाकू, मग पळेल."

"मग?"

"मग काय! कॉलर धरली त्याची."

बाबा हसले. माझं डोकं तापलं.

"हसताय काय? पुसल्यावर दादाचं काय राहतं?"

बाबांचं हसू गेलं.

"लाव तो," ते म्हणाले.

मी डोंगल लावला. पडद्यावर सीडीच्या चकतीचं चित्र उमटलं. रोजच्यासारखं.

"हे काय?"

"हाच तर डोंगल. रोज उघडतो मी. आत कंपनीच्या चार फायली. एकही चालत नाही."

"चालत नाही, तरी रोज उघडतोस?"

"आणखी काय करू? एवढंच दिसतं."

"बाहेर काढ."

मी डोंगलला हात घातला.

"तो राहू दे. चकती काढ. तिच्यावर उजवं बटण दाब. 'बाहेर काढा' असं लिहून येईल."

"आणि काढल्यावर उरलं काय? बाबा, एवढं एकच दिसतंय मला. तेही घालवू?"

"घालव."

मी चकतीवर उजवं बटण दाबलं. 'बाहेर काढा' असं आलं. मठात कुणीतरी खोकलं.

मी दाबलं.

चकती गेली. पडदा मोकळा. डोंगलचा दिवासुद्धा विझला.

"झालं समाधान?" मी ओरडलो. "होतं तेही घालवलंत!"

मी लॅपटॉप उचलला. कुठे नेणार होतो, कुणास ठाऊक. बाबांनी माझं मनगट पकडलं. म्हातारा माणूस, पण पकड सुटेना.

"सोडा!"

"थांब."

"किती थांबू?"

बाबा डोंगलकडे बघत होते.

"किती थांबू, बाबा?"

डोंगलचा दिवा लागला. आधी लाल... मग निळा. पडद्याच्या कोपऱ्यात रेंजच्या काड्या उभ्या राहिल्या.

मी लॅपटॉप परत चटईवर ठेवला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"अंबादासने. मीही असाच ओरडलो होतो त्याच्यावर. तो म्हणाला, बाबा, हा आधी चकतीचं सोंग घेऊन येतो. ती काढल्याशिवाय मोडेम होत नाही, नेट देत नाही."

मेल आली. दादाचं नाव. खाली आवाजाची फाईल. मी बटण दाबलं.

"कैल्या... आत नेतायत आता. आईला सांग, मी घाबरलो नव्हतो. खोटंच सांग..." मध्ये कुणीतरी बाई 'चला, चला' म्हणाली. चाकं खडखडली. "कैल्या, तू जेवलास का रे?"

एवढंच.

बाबा डोळे मिटून बसले होते. मी पुन्हा लावायला गेलो. त्यांनी न बघता बटणांवर तळवा ठेवला.

"हात काढा, बाबा. पुन्हा ऐकू द्या मला! त्याचा आवाज आहे तो!"

"त्याने काहीतरी विचारलंय. आधी त्याला उत्तर दे."