रुसलेल्या बोटाचा माग

फार जुनी गोष्ट आहे. घरांच्या दारांना अजून कुलपं लागली नव्हती, तेव्हाची.

ओढ्याच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे दुसरं. दोन्ही गावांना राजानं एकेक पागी नेमून दिला होता. पागी म्हणजे पावलांचा माग काढणारा राखणदार. चोरी झाली की तो मातीवरची पावलं वाचत निघायचा. माग शिवेपर्यंत गेला, तर पलीकडच्या पागीला हाक मारून तो त्याच्या हवाली करायचा. पलीकडचा म्हणायचा, "माग घेतला." मग चोर शोधायचा त्यानं, आणि चोर सापडला नाही तर भरपाई करायची त्याच्या गावानं. पागीच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे. मातीवर लिहिलेलं त्याच्याशिवाय वाचणार कोण?

अलीकडच्या गावचा पागी तरुण होता. त्याला जन्म देऊन आई गेली. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, आक्कानं. आक्का जात्यावर बसली की तो तिच्या पायाशी बसून तिच्या बोटांशी खेळायचा. तिच्या डाव्या पायाची करंगळी वर उचललेली होती, जमिनीला टेकतच नसे. "चार बोटं जेवायला आली, पाचवं रुसलं!" असं तो म्हणायचा, आणि आक्का जातं थांबवून हसायची.

एके दिवशी सकाळी गावच्या कोठारातून बियाण्याचं एक पोतं नाहीसं झालं. बियाणं चोरणं म्हणजे पुढच्या वर्षाची भाकरी चोरणं. माग पुसू नये म्हणून लोकांनी रीतीप्रमाणे दारातल्या पावलांवर पाटी उपडी घातली आणि पागीला बोलावलं.

पागीनं पाटी उचलली. डाव्या पायाची चारच बोटं उमटली होती.

"काय रे?" पाटील म्हणाले. "माती मुकी झाली, का तू?"

लोक हसले. पागी हसला नाही. तो उठला, आक्काच्या घराकडे पाठ केली आणि ओढ्याच्या दिशेनं चालू लागला. गाव त्याच्यामागून निघालं.

तुम्ही म्हणाल, बहिणीसाठी एवढं तर कुणीही करील. कुणीही करतं, म्हणूनच तर ही गोष्ट सांगायची.

ओढ्याकाठी त्यानं हाक दिली. पलीकडचा पागी आला. चाळीस वर्षं माती वाचलेला म्हातारा.

"बाबा, माग इथून तुमच्या हद्दीत गेला," तरुण पागी म्हणाला.

म्हातारा वाळूवर वाकला. मग गुडघ्यांवर बसला. मग नाक टेकेल इतका खाली गेला. वाळूत काहीच नव्हतं. पण पागी खोटं बोलेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं डोळे चोळले, पुन्हा पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "तू म्हणतोस तर असणारच, पोरा. मलाच दिसत नाही. डोळे गेले म्हणायचे माझे."

मग तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माग घेतला."

चोर अर्थातच सापडला नाही. पलीकडच्या गावानं आपल्या बियाण्यातून पोतं भरून दिलं. आणि म्हाताऱ्यानं पागीपणाची खूण म्हणून राजानं दिलेली काठी चावडीवर परत नेऊन ठेवली.

पंधरा दिवसांनी तरुण पागीला म्हातारा बाजारात दिसला. त्याची म्हातारी त्याला हात धरून चालवत होती, आणि तो प्रत्येक पाऊल चाचपून टाकत होता.

"अहो, खड्डा नाही तिथं!" म्हातारी वैतागली.

"असेलही. मला दिसत नाही एवढंच."

"कालपर्यंत सुईत दोरा ओवत होता की!"

"कालचं सोड गं," म्हातारा म्हणाला. "वाळूवरचा माग दिसला नाही मला. मग जे दिसतं, त्याचा तरी भरवसा काय?"

तरुण पागी बाजार न करताच परतला आणि थेट आक्काच्या दारात जाऊन उभा राहिला. भर दुपार होती. आक्कानं त्याला पाहून ताट वाढायला घेतलं.

"आक्का, पोतं कुठंय?"

तिचा हात थांबला. "पाटी उचललीस तेव्हाच ओळखलंस ना?"

"का नेलंस गं? मागितलं असतंस तर गावानं दिलं असतं."

"माझ्या बियाण्याला कीड लागली. राख लावायची राहिली, चूक माझीच. पण मागणारीला गाव एकदा देतं आणि जन्मभर ऐकवतं," ती म्हणाली. "आणि आता काय त्याचं? पलीकडच्यांनी भरून दिलं. त्यांची कोठारं भरलेलीच आहेत."

"म्हाताऱ्या पागीचे डोळे कोण भरून देणार?"

त्यानं सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "मी आज चावडीवर खरं सांगणार आहे. तुझं नाव घेणार आहे. तुला आधी सांगायला आलो."

"ज्या पायांवर घेऊन तुला न्हाऊ घातलं," आक्का म्हणाली, "तेच पाय चारचौघांत दाखवणार तू?"

"हो," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आणि त्यांच्या शेजारी माझे पाय असतील."

"निघ," आक्का म्हणाली.

तो आधी ओढ्यापलीकडे गेला. म्हातारा अंगणात बसला होता. तरुण पागीनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाबा, त्या वाळूत माग नव्हताच. तुमचे डोळे खरं बोलत होते. खोटं मी बोललो."

आता म्हातारा शिव्या देईल, निदान हाकलून तरी देईल, असं तरुणाला वाटलं. पण तो अंगणातल्या मातीवर वाकला. तरुणाची पावलं त्यानं एक एक करून पाहिली.

"डाव्या टाचेत काटा आहे तुझ्या," तो म्हणाला. "आणि फाटकाजवळ तू तीनदा मागं फिरलास." तो ताडकन उठला. "दिसतंय रे! अगं ए, बाहेर ये! दिसतंय मला!"

मग त्यानं तरुणाकडे पाहिलं. "चल. चावडीवर मीही येतो."

चावडीवर दोन्ही गावं जमली. तरुण पागीनं सगळं सांगितलं आणि आक्काचं नाव घेतलं. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. डोक्यावर पोतं घेऊन आक्का येत होती. तिनं पोतं पंचांपुढं उतरवलं. भावाकडे तिनं पाहिलं नाही.

पंचांनी पोतं पलीकडच्या गावाला परत दिलं, आणि त्या हंगामात त्या गावाची पेरणी आक्कानं करावी, असं ठरवलं. तरुणाची पागीची काठी काढून घेतली आणि म्हाताऱ्याची काठी पुन्हा त्याच्या हाती दिली. तरुणाला दुसरी शिक्षा नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी तो पेरणीची पाभर घेऊन आक्काच्या शेजारच्या ओळीत उभा राहिला.

चार दिवस आक्का त्याच्याशी बोलली नाही. दोघं शेजारी शेजारी पेरत राहिली. पाचव्या दिवशी दुपारी बांधावर बसून तिनं भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकरी मोडली आणि त्याच्यापुढं धरली.

"जेव," ती म्हणाली.

बोध: आपल्या माणसाचा गुन्हा झाकला तर परक्याचा बळी जातो; खरी माया खरं बोलते आणि मग शिक्षेत सोबत चालते.