साबाजी मेस्ताची होडी

गलबतं शिडांवर चालायची, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. खारवेळच्या खाडीकाठी साबाजी मेस्त नावाचा होड्या बांधणारा सुतार राहायचा. लाकडाला नुसता कान लावून ते पाण्यात किती वर्षं टिकेल हे तो सांगायचा, असं म्हणतात.

त्याच गावच्या धर्माजी तांडेलाचं मोठं गलबत होतं. खाडी उथळ, म्हणून ते दूर नांगरावं लागे. तिथून माणसं किनाऱ्याला आणायला त्याला एक छोटी होडी हवी होती. साबाजीनं काम हाती घेतलं आणि त्याच्या डोक्याला ताप सुरू झाला.

फळ्या काथ्यानं शिवून झाल्या, तेव्हा तांडेल म्हणाला, "मेस्तांनू, जरा लांब करा." साबाजीनं सगळी उसवली, लांब केली. मग तांडेल म्हणाला, "आता गलबतार चढवूक जड जातली. आखूड करा." साबाजीनं पुन्हा उसवली. तिसऱ्यांदा तो "जरा अरुंद..." म्हणाला, तसा साबाजी उसळला.

"अरे मेल्या, होडी तू बांधतंस की मी?"

त्यानं मांगराचं, म्हणजे कामाच्या खोपटाचं, दार आतून लावून घेतलं. नऊ दिवस तो जेवला नाही, झोपला नाही, तासणीचा आवाज थांबला नाही, असं म्हणतात. तांडेल रोज दारावर थापा मारून दमायचा.

दहाव्या दिवशी होडी बाहेर आली. बुटकी, पसरट. लोक हसले. पण वारा चांगला होता, निघायला हवं होतं. तांडेल चरफडत तीच घेऊन गेला.

परतताना, गाव समोर दिसत असताना, वादळानं गलबत खडकावर आपटलं. वर चौदा माणसं, होडीत जागा पाचांची. पाच बसले. सहावा बसला, दहावाही बसला. शेवटी तांडेलही होडीत उतरला. प्रत्येक माणसागणिक होडी वीतभर रुंद होत गेली, असं म्हणतात. साबाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडत होता, "मधी बसा रे, मधी! काठार नको!"

चौदाही जण किनाऱ्याला लागले. तांडेलानं रडत त्याचे पाय धरले.

"पाय सोड," साबाजी वैतागून म्हणाला, "आधी होडी वर ओढ. लाटांनी आपटता ती."

खारवेळात आजही होडी बांधायला घेतली, की मालक पहिल्या दिवशी काय हवं ते सांगतो, साबाजीच्या नावानं मांगराच्या उंबऱ्यावर नारळ ठेवतो आणि घरी जातो. मध्येच सल्ला द्यायला आला, तर सुतार काम थांबवतो. त्या दिवशी ते पुन्हा सुरू होत नाही, मालक कितीही मोठा असला तरी.