टेबलावरची हाक

विश्वास कुणावर ठेवाल, सांगा बरं: दुकानात छाप पाडणाऱ्यावर, की घरी नेल्यावर कामाला येणाऱ्यावर? मी दोघांकडूनही माल घेतलाय, म्हणून विचारतो.

घड्याळं नुकती हाका मारायला शिकली होती, तेव्हाची गोष्ट. इंदुताई कासारांच्या कारखान्यात नखाएवढ्या दोन अँटेना होत्या, चकाकी आणि बुटकी. त्यांतली एक गजरामावशींच्या मनगटी घड्याळात बसायची होती. मावशी एकट्या राहायच्या. त्या पडल्या तर घड्याळानं शेजारी हाक पोचवायची.

लाकडी टेबलावर चकाकीची हाक थेट चौकापर्यंत गेली. बुटकीची जेमतेम दारापर्यंत.

"घसा बसलाय का गं?" चकाकी हसली.

"मला टेबलाशी संसार करायचा नाही, बाई," बुटकी म्हणाली. "ताईंनी मला हातावर ठेवून, तांबं कापून सूर लावलाय."

मावशी आल्या. इंदुताईंनी आधी चकाकी त्यांच्या मनगटावर बांधली. ती जीव तोडून ओरडली, पण हाक उंबऱ्यातच विरली. मग बुटकी बांधली. तिची हाक मात्र समोरच्या चहावाल्यानं ऐकली, आणि मावशींचा शेजार तेवढाच लांब होता.

"माझा आवाज गेला कुठं?" चकाकी रडवेली झाली.

"माणसाच्या अंगातलं पाणी आवाज पितं, सूरही उतरवतं," इंदुताई म्हणाल्या. "तुझं थोडं तांबं कापलं तर सूर चढेल, हातावर जमेल. पण टेबलावरचा तोरा जाईल."

चकाकीनं एकदा टेबलाकडं पाहिलं, एकदा मावशींच्या मनगटाकडं. मग म्हणाली, "कापा."

तर मंडळी, वहीत मालाच्या कुवतीचा आकडा लिहाल, तो टेबलावरचा नको. हातावरचा लिहा, कमी भरला तरी.